मिडशिपमन माशाच्या मेंदूत नर-मादीचा डोपामिन-फरक मोजायचा असेल तर: किनाऱ्यावरच्या दगडापासून शेवटच्या आकड्यापर्यंत

डोपामिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन. ‘मादीच्या मेंदूत डोपामिन जास्त’ असा आलेख कुणी समोर ठेवला की मी आधी तीनच प्रश्न विचारते. मासे कोणत्या महिन्यातले? नर कोणत्या प्रकारचे? आणि नर-मादीच्या स्लाइड एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये रंगवल्या होत्या का? पहिल्या दोन प्रश्नांवर थोडी कुजबुज होते, तिसऱ्यावर शांतता. मग सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागतं.

हा लेख त्या सहा महिन्यांसाठी आहे. मासा आहे पोरिक्थिस नोटॅटस, म्हणजे प्लेनफिन मिडशिपमन. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा, रात्री गुणगुणणारा. पद्धत आहे टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, थोडक्यात टीएच, या विकराला अँटिबॉडीने रंगवून पेशी आणि तंतू मोजण्याची. दुसऱ्या बोलक्या माशावर काम करणाऱ्यांनाही क्रम हाच ठेवता येईल. आपल्याकडच्या घोळ-ढोम्यांच्या कुळातही आवाज वाताशयाच्या स्नायूंनीच निघतो आणि त्यातल्या बऱ्याच जातींत हा स्नायू फक्त नराला असतो. घोळीच्या बोताचा, म्हणजे वाताशयाचा, भाव सगळ्यांना ठाऊक असतो, त्याला लगटून असलेल्या स्नायूकडे मात्र कुणी बघत नाही. असो.

## टप्पा १: आपण नेमकं काय मोजतोय ते कागदावर लिहा

टीएच म्हणजे डोपामिन नव्हे. टीएच हे डोपामिन बनवण्याच्या साखळीतलं वेग ठरवणारं विकर आहे. पण तीच साखळी पुढे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅड्रेनॅलिनकडे जाते, त्यामुळे त्या पेशीही टीएचने उजळतात. मेंदूच्या मागच्या भागातल्या लोकस सेरुलियस या पुंजातल्या पेशी झगझगीत दिसतात, पण त्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या. त्यांची संख्या ‘डोपामिन पेशी’ म्हणून छापू नका.

आणखी एक खाच आहे. हाडांच्या माशांत टीएचची दोन जनुकं असतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अँटिबॉडी सस्तन प्राण्यांच्या टीएचवर बेतलेल्या असल्यामुळे त्या प्रामुख्याने पहिलं रूप पकडतात. हायपोथॅलॅमसमधल्या, मेंदूजलाला टेकलेल्या कित्येक डोपामिन पेशी त्यामुळे काळ्याच राहतात. तिथे ‘पेशी नाहीत’ असं लिहाल तर चूक, ‘या अँटिबॉडीने दिसल्या नाहीत’ असं लिहाल तर बरोबर.

डोपामिनचं प्रत्यक्ष प्रमाण हवं असेल तर रस्ताच वेगळा. मेंदू फिक्स न करता (रसायनाने स्थिर न करता) लगेच गोठवायचा, हवा तो भाग टोचून काढायचा आणि एचपीएलसी या द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर डोपामिन व त्याची विघटनद्रव्यं मोजायची. फिक्स केलेल्या मेंदूतून हे करता येत नाही. एकाच माशाकडून दोन्ही मागू नका.

तपासा: वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात ‘डोपामिन’ असेल तर त्या वाक्याला आधार देणारी दुसरी खूण कोणती, तेही खाली लिहा. डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज रंगवून नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या पेशी वजा करता येतात. जागेवरूनही बरंच ठरतं, पण त्यासाठी जागा नक्की माहीत हवी.

## टप्पा २: हंगाम आणि ओहोटी

मिडशिपमन हिवाळ्यात खोल पाण्यात असतो. वसंताच्या अखेरीला आणि उन्हाळ्यात घरटी करायला भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या दगडांखाली येतो. या दोन हंगामांत तो रसायनाच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळे मासे असतो. माद्यांमध्ये इस्ट्रोजेन घरटी सुरू होण्याआधीच्या वसंतात चढतं. आतल्या कानाच्या सॅक्युल या भागाकडे जाणारे टीएच-तंतू उन्हाळी मादीत हिवाळ्यापेक्षा कमी असतात. डोपामिन तिथे ऐकण्याची संवेदनशीलता खाली ओढतं. म्हणजे नर गुणगुणू लागतात त्याच काळात मादीच्या कानावरचा हा लगाम सैल झालेला असतो.

आता जूनच्या माद्या आणि फ्रीझरमध्ये पडलेले जानेवारीतले नर शेजारी ठेवले तर काय मिळेल? हंगामाचा फरक, त्यावर ‘लिंगभेद’ अशी चिठ्ठी लावलेला.

कॅलिफोर्नियातली टोमालेस खाडी किंवा वॉशिंग्टन राज्यातला हूड कॅनॉल इथे मासे हाताने गोळा करतात. राज्याचा संकलन परवाना आणि आपल्या संस्थेच्या प्राणी-नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी हातात हवी. उधाणाच्या दिवसांतली मोठी ओहोटी निवडा, भांगेच्या दिवसांत कामाचे दगड उघडेच पडत नाहीत. दगड एका बाजूने हळू उचला. खालच्या बाजूला पिवळसर, वाटाण्याएवढी अंडी चिकटलेली दिसतील आणि त्याखाली चिखलाच्या खळग्यात घराचा मालक, पाणी उतरलेलं असलं तरी जिवंत. मासा घेतला की दगड होता तसाच, अंडी खाली येतील असा ठेवा.

प्रत्येक माशासोबत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि घरट्यात कोण कोण होतं ते लिहा. नंतर आठवत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

सावधान: टाकीत किती दिवस ठेवलं हेही सगळ्यांसाठी सारखं हवं. आदल्या दिवशी आणलेली मादी आणि तीन आठवडे बादलीत बसलेला नर यांची तुलना होत नाही. दिवसाची वेळही एकच ठेवा, हा मासा रात्री जागा असतो.

## टप्पा ३: पोट उघडून लिंग ठरवा, बाहेरून नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

या माशात प्रौढ नर दोन प्रकारचे. प्रकार-एक नर घरटं करतो, तासभरसुद्धा न थांबता गुणगुणतो, अंडी राखतो. प्रकार-दोन नर घरटं करत नाही, गुणगुणत नाही. तो दुसऱ्याच्या घरट्यात किंवा दाराशी घुसून वीर्य सोडून निघतो. हा अंगाने लहान, दिसायला मादीसारखा आणि आवाजही मादीसारखाच काढतो: कधीमधी एखादी घुरघुर. शरीराच्या प्रमाणात त्याचे वृषण प्रकार-एकच्या सुमारे ९ पट मोठे असतात, तर प्रकार-एकचा ध्वनिस्नायू शरीराच्या प्रमाणात त्याच्या सुमारे ६ पट.

वृषण एवढे मोठे असल्यामुळे पोट फुगतं. अगदी गाबोळीने भरल्यासारखं. माझ्या पहिल्या हंगामात ‘मादी ७’ नावाचा मासा होता. घरट्यात मालकाशेजारी सापडलेला, पोट टम्म. मी पोट न उघडता थेट मेंदू काढला. चार महिन्यांनी आलेखावर सहा ठिपके एका झुबक्यात आणि सातवा एकटा लांब खाली. दोन आठवडे मी अँटिबॉडीला दोष देत होते. मग फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेलं धड काढलं, पोटावर कात्री चालवली, तर आत दाण्याचा मागमूस नाही. दोन्ही बाजूंनी पांढरेशुभ्र, गुळगुळीत वृषण.

म्हणून क्रम असा:

१. भूल पूर्ण चढल्यावर मासा पुसून वजन करा आणि प्रमाण लांबी (तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत) मोजा.

२. रक्तवाहिन्यांतून फिक्सेटिव्ह सोडण्यासाठी छाती उघडतानाच चीर मागे पोटापर्यंत न्या आणि जननग्रंथी बघा. अंडाशयात दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अंडी घालून मोकळ्या झालेल्या मादीचा अंडाशय लोंबत्या रिकाम्या पिशवीसारखा असतो.

३. जननग्रंथी वेगळ्या काढून तोला. ग्रंथीचं वजन भागिले ग्रंथीविना शरीराचं वजन, गुणिले १००.

४. वाताशय बाहेर काढून त्याच्या दोन्ही कडांचे ध्वनिस्नायू बघा. प्रकार-एकमध्ये ते जाड असतात, मादी आणि प्रकार-दोनमध्ये पातळ.

५. धड फॉर्मॅलिनमध्ये, माशाच्या नंबरासह.

तपासा: भरलेली मादी आणि मोकळी झालेली मादी एकाच गटात टाकू नका. अंडी घातल्यावर संप्रेरकं झपाट्याने बदलतात. गट तीन नसून चार आहेत असं समजूनच मासे मोजा.

## टप्पा ४: भूल, परफ्यूजन आणि मेंदू काढणं

बेंझोकेन हे भुलीचं औषध समुद्राच्या पाण्यात थेट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाण्यात मिसळा. ०.०२५ टक्के द्रावण चालतं. हृदयातून आधी बर्फगार रिंगर द्रावण सोडा, रक्त निघून जाऊन कल्ले फिके पडेपर्यंत. मग ०.१ मोलर फॉस्फेट बफरमधलं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड. हे फ्यूम हूडखालीच.

कल्ले लालच राहिले तर परफ्यूजन, म्हणजे रक्तवाहिन्यांतून फिक्सेटिव्ह सोडणं, फसलं. तांबड्या पेशी पुढे स्वतःच चमकतात आणि तंतू म्हणून मोजल्या जातात. असा मेंदू वहीत ‘फसला’ म्हणून नोंदवा आणि गणतीतून काढा. आकडा बघून नंतर काढाल, तर त्याला वेगळं नाव आहे.

मेंदू काढताना नवखी मंडळी पश्चमस्तिष्क संपल्यावर लगेच कात्री लावतात. इथे तसं चालत नाही. आवाजाचे प्रेरक न्यूरॉन, म्हणजे व्होकल मोटर न्यूक्लियस (न्यूक्लियस म्हणजे इथे न्यूरॉनचा पुंज), पश्चमस्तिष्काच्या शेवटापासून मेरुरज्जूच्या सुरुवातीपर्यंत मध्यरेषेला लागून पसरलेलं असतं. मेरुरज्जूचे काही मिलिमीटर मेंदूसोबत राहू द्या. कानाकडचे तंतूही हवे असतील तर कानाकडे जाणारी आठवी मज्जातंतूची जोडी तुटण्याआधी सॅक्युल काढा, नंतर ते जमत नाही.

त्यानंतर एक तास त्याच फिक्सेटिव्हमध्ये, मग बफरमध्ये. फिक्सेटिव्हमधला वेळ घड्याळ लावून सगळ्यांना सारखा. शुक्रवारी काढलेला मेंदू सोमवारपर्यंत फिक्सेटिव्हमध्ये राहिला तर अँटिबॉडी नीट चिकटत नाही. आणि शुक्रवारी सगळ्या माद्याच काढल्या असतील तर पुढचं सांगायला नको.

## टप्पा ५: सेक्शन

३० टक्के साखरेच्या बफरमध्ये मेंदू तळाला बसेपर्यंत ठेवा, साधारण एक रात्र. तरंगत असताना गोठवला तर बर्फाचे खडे पेशी फोडतात. क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या ऊतीचे पातळ छेद घेणारं यंत्र) २५ मायक्रोमीटरचे आडवे छेद, आलटून पालटून दोन मालिकांत. एक मालिका टीएचसाठी, दुसरी डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज किंवा कंट्रोलसाठी. स्लाइड उणे ८० अंशांवर.

मेंदू ब्लॉकमध्ये तिरका बसला तर डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या पातळीची येते. पहिल्या दहा छेदांतच सूक्ष्मदर्शकाखाली बघून ब्लॉकचा कोन दुरुस्त करा.

## टप्पा ६: रंगवणं

आता कोड नंबर. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कुणाकडून प्रत्येक माशाला नवा नंबर घ्या. यादी त्या व्यक्तीकडेच राहू द्या. इथून पुढे तुम्हाला नर-मादी माहीत असता कामा नये.

बॅचची आखणीही त्याच व्यक्तीने करायची, कारण प्रत्येक बॅचमध्ये सगळे गट हवेत. उदाहरणार्थ, एका दिवसाला १२ मासे: ३ प्रकार-एक, ३ प्रकार-दोन, ३ भरलेल्या माद्या, ३ मोकळ्या माद्या. ‘आज नर, उद्या माद्या’ केलंत तर मिळणारा फरक त्या दोन दिवसांतला असेल आणि कोणतंही सांख्यिकी सूत्र तो सोडवून देणार नाही.

१. स्लाइड खोलीच्या तापमानाला आणा, बफरने धुवा.

२. एक तास ब्लॉक: १० टक्के गाढवाचं सीरम आणि ०.३ टक्के ट्रायटन बफरमध्ये.

३. उंदरात बनवलेली टीएच अँटिबॉडी, १:१००० पासून सुरुवात, रात्रभर. सगळ्या बॅचना एकाच लॉटची बाटली. मधेच संपेल असं वाटत असेल तर आधीच मागवा आणि मिसळून ठेवा.

४. पाच वेळा, प्रत्येकी १० मिनिटं धुवा. इथे घाई करणाऱ्यांच्या स्लाइड मी दुरून ओळखते, मागची धूसर लाली जात नाही.

५. लाल रंगाची दुय्यम अँटिबॉडी, दोन तास, अंधारात.

६. हिरवा निस्सल रंग (न्यूरॉन दाखवणारा), मग डीएपीआय (केंद्रक दाखवणारा रंग) असलेलं माउंटिंग द्रव्य.

सावधान: प्रत्येक बॅचमध्ये एक स्लाइड प्राथमिक अँटिबॉडी न घालता चालवा. त्यात तंतू दिसले तर ते टीएच नव्हेत. लोकस सेरुलियस हा उलट बाजूचा पुरावा. तिथल्या पेशी नेहमी ठळक उजळतात. तिथेच अंधार असेल तर बॅच बाद.

## टप्पा ७: जागा ओळखणं आणि फोटो

सस्तन प्राण्यांचं पुस्तक बाजूला ठेवा. हाडांच्या माशांच्या मध्यमस्तिष्कात डोपामिन पेशींचे गट नसतात, त्यामुळे सब्स्टॅन्शिया नायग्रा हा सस्तन प्राण्यांतला गट शोधू नका. इथला मुख्य गट पोस्टीरियर ट्युबरक्युलमच्या (मध्यमस्तिष्काच्या पुढे, मेंदूच्या तळाकडचा भाग) पेरिव्हेंट्रिक्युलर, म्हणजे मेंदूजलाच्या पोकळीलगतच्या, भागात, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, मोठ्या नासपतीच्या आकाराच्या पेशींचा. यांचे तंतू दूरवर जातात, कानापर्यंतसुद्धा. त्याशिवाय पेशी किंवा तंतू बघायच्या जागा: पुढच्या मेंदूचा खालचा भाग, प्रीऑप्टिक क्षेत्र, मध्यमस्तिष्कातलं आवाजाशी निगडित पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे आणि मागे व्होकल मोटर न्यूक्लियस.

मोजायच्या क्षेत्राची सीमा निस्सलच्या हिरव्या फोटोवर काढा, टीएचच्या लाल फोटोवर कधीही नाही. लाल जिथे दिसतं तिथे सीमा ओढली तर घनता सगळीकडे जास्तच येणार. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो छापूनही येतो.

एक्स्पोजर सगळ्यात ठळक स्लाइडवर ठरवा, एकही पिक्सेल पूर्ण पांढरा होणार नाही असं. मग शेवटच्या फोटोपर्यंत हात लावू नका.

## टप्पा ८: मोजणं, आणि भाजकाचा सापळा

पेशी मोजताना केंद्रक डीएपीआयमध्ये दिसेल तीच पेशी धरा. पोस्टीरियर ट्युबरक्युलमच्या पेशी मोठ्या असतात. एकच पेशी दोन छेदांत कापली गेली की दोनदा मोजली जाते. माशागणिक छेदांची संख्या वेगळी असेल तर प्रति छेद सरासरी घ्या.

तंतूंसाठी इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड (उजेडाची किमान पातळी) लावून सीमेतलं किती टक्के क्षेत्र उजळलं ते काढतात. इथे बोलक्या माशांचा खास सापळा आहे. प्रकार-एक नराचे आवाजाचे प्रेरक न्यूरॉन मोठे, त्यामुळे न्यूक्लियसही मोठं. समजा तंतू दोघांत अगदी सारखे आहेत, उजळलेलं क्षेत्र २,००० वर्ग मायक्रोमीटर. मादीचं न्यूक्लियस ४०,००० वर्ग मायक्रोमीटर, नराचं ८०,०००. मादीची घनता ५ टक्के, नराची अडीच. तुम्ही लिहाल ‘मादीत दुप्पट’. तंतू मात्र एकही जास्त नाही. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत.)

म्हणून तिन्ही संख्या द्या: उजळलेलं क्षेत्र, न्यूक्लियसचं क्षेत्र आणि दोहोंचं गुणोत्तर. कोणती खरी असं विचारू नका. न्यूक्लियसमध्ये तंतू किती दाट हा प्रश्न असेल तर गुणोत्तर, एकूण तंतू किती हा असेल तर उजळलेलं क्षेत्र.

तपासा: १० फोटो आठवड्याने पुन्हा, जुने आकडे न बघता मोजा. दोन मोजण्यांतला फरक गटांमधल्या फरकाएवढा निघाला तर थ्रेशोल्डची पद्धत बदला आणि सुरुवातीपासून मोजा.

## टप्पा ९: आकडेमोड

८ मासे आणि प्रत्येकी १२ छेद म्हणजे ९६ नव्हे. एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, आहे ८. छेद हवेच असतील तर मिक्स्ड मॉडेल वापरा, त्यात मासा आणि बॅच हे यादृच्छिक घटक. शरीराची लांबी सहचल (जिचा परिणाम गणितात वेगळा काढायचा अशी राशी) म्हणून घाला. पण प्रकार-एक आणि प्रकार-दोन यांच्या लांब्या एकमेकांत मिसळतच नसतील, तर ते गणित आकार आणि प्रकार वेगळे करू शकणार नाही. तसं असेल तर स्पष्ट लिहा.

दोन्ही प्रकारचे नर एकत्र करून ‘नर’ असा एकच खांब काढू नका. २०१४ मध्ये याच माशाच्या मेंदूभर टीएच मोजणाऱ्या अभ्यासात प्रकार-दोन नर काही भागांत प्रकार-एकसारखे, तर काही भागांत मादीसारखे निघाले. एकत्र केलेल्या खांबात हे सगळं पुसलं जातं. आणि १५ भाग तपासले असतील तर १५ तुलनांची दुरुस्तीही करा. ज्या भागांत काही निघालं नाही तेही तक्त्यात राहू द्या.

## टप्पा १०: निकालाचं वाक्य

‘मादीत डोपामिन जास्त’ याऐवजी: ‘जून महिन्यात पकडलेल्या, अंडी भरलेल्या माद्यांत, अमुक भागात प्रति छेद टीएच-धारी पेशी प्रकार-एक नरांपेक्षा जास्त.’ वाक्य लांबतं. लांबू द्या. टीएच जास्त दिसलं म्हणजे डोपामिन जास्त सुटतं असंही नाही. विकर किती काम करतं हे त्यावर फॉस्फेट लागण्यावरही ठरतं. समोरच्या पेशीवर डोपामिन टिपणारे ग्राही (रिसेप्टर) किती आहेत हा आणखी निराळा हिशेब.

कोडची यादी शेवटचा आकडा जतन झाल्यावरच उघडा, त्या फाइलची तारीख कुणी विचारली तर दाखवता यावी. यादी उघडल्यावर एखादा ठिपका लांब पडलेला दिसला तर तो पुसू नका, अँटिबॉडीलाही शिव्या घालू नका. कपाटातून त्या नंबराची बरणी काढा आणि पोटात काय आहे ते आधी पुन्हा बघा. बरण्या लेख छापून होईपर्यंत टाकायच्या नसतात, कपाटात जागा नसली तरी.